वाकड्या रेषेचा सरळ तुकडा

गेल्या दिवाळीत आमच्या गच्चीवरचा आकाशकंदील भाऊबीजेच्या संध्याकाळी एका अंगाने आंधळा झाला. कंदील विकतचा नव्हता. कामट्या, रंगीत कागद आणि खळ असा सारा थाट आमच्या भाचीने स्वतः मांडला होता आणि आत नेहमीचा बल्ब न लावता बारा इवलेसे पांढरे एल.ई.डी. दिवे बसवले होते. भाची इथेच, छत्रपती संभाजीनगरात, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इलेक्ट्रॉनिक्स. "मामा, वीज गेली तरी आपला कंदील जाणार नाही," अशी तिची प्रतिज्ञा होती, आणि ती पाळण्यासाठी तिने दिवे थेट घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर जोडले होते.

वसुबारसेपासून कंदील झकास चालला. वीज गेली की जरा मंदावायचा, आली की लखकन उजळायचा. शेजारची मुले त्याला श्वास घेणारा कंदील म्हणू लागली. भाऊबीजेला मात्र बारांतले तीन दिवे एकदम गेले. उरलेल्यांचे तेजही पहिल्या दिवसाचे राहिले नव्हते.

"दिवेच हलके निघाले," असा निकाल आमच्या सौभाग्यवतींनी दिला आणि त्या फराळाचे ताट घेऊन आत गेल्या. भाचीचे समाधान होईना. तिने आपली वही आणून माझ्यापुढे ठेवली. "हिशेब बरोबर आहे, मामा. परीक्षेत याच गणिताला पैकीच्या पैकी मिळालेत मला."

वहीतला हिशेब खरोखर बिनचूक होता. मग दिवे गेले कशाने? त्या रात्री मामा-भाचीने मिळून जे शोधून काढले, ते वाचकांपुढे ठेवतो. ज्यांनी शाळा सुटल्यावर ओहमचा नियम पुन्हा कधी आठवला नाही, त्यांनाही ते समजेल अशी आशा आहे.

एकेरी वाट

एल.ई.डी. हा डायोडच्या कुळातला. डायोड म्हणजे विजेची एकेरी वाट. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आठवा. पंपाने हवा आत जाते, पण बाहेर येत नाही. आत जातानाही पंपावर थोडा जोर येईपर्यंत व्हॉल्व्ह उघडत नाही. एकदा उघडला की थोड्याच जास्त जोराने पुष्कळ हवा शिरते. डायोडचे वागणे असेच. सिलिकॉनच्या साध्या डायोडला अर्धा व्होल्ट दाब दिला तर प्रवाह जवळजवळ नाहीच. सात दशांश व्होल्टाच्या आसपास तो चांगला वाहू लागतो. पुढे मात्र विलक्षण प्रकार घडतो. दाब नुसता १८ मिलिव्होल्टांनी वाढला की प्रवाह दुप्पट होतो आणि ६० मिलिव्होल्टांनी वाढला की दहापट. मिलिव्होल्ट म्हणजे व्होल्टाचा हजारावा भाग, हे लक्षात घेतले म्हणजे या उड्या किती मोठ्या आहेत ते कळेल.

साधी तार किंवा इस्त्रीतले वेटोळे असे वागत नाही. तिथे दाब दुप्पट तर प्रवाह दुप्पट. कागदावर आलेख काढला तर सरळ रेष. डायोडचा आलेख मात्र आधी जमिनीवर लोळतो आणि मग भिंतीसारखा उभा चढतो. या वाकड्या रेषेचे सूत्र विल्यम शॉक्ली यांच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या सिद्धान्तात आले. त्याआधी कितीतरी वर्षे लोक या वाकाचा उपयोग करून घेत होते. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा बिनतारी लहरी ओळखण्यासाठी उपयोग केला आणि त्याचे अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ साली मिळाले. त्याच साली इंग्लंडात जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी काचेच्या नळीतला डायोड तयार केला.

या वाकाशी आमच्या शहराचा संबंध तसा जुना आहे. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांच्या हाती पाच नभोवाणी केंद्रे होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदे, हैदराबाद आणि औरंगाबाद. छत्रपती संभाजीनगर हे नाव शहराला २०२३ साली मिळाले. त्यापूर्वीचे हे औरंगाबाद. १९५० साली हैदराबादबरोबर इथले केंद्रही आकाशवाणीकडे आले. केंद्रावरून निघालेली लहर सेकंदाला लाखो वेळा वर-खाली होत असते आणि गाणे तिच्या पाठीवर बसून येते. ते उतरवून घेण्यासाठी घरातल्या रेडिओत डायोडच लागे. तो सरळ रेषेने वागता, तर लहरीचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांना खाऊन टाकते आणि कानाशी काहीच उरते ना. म्हणजे डायोडचा सारा उपयोग त्याच्या वाकड्या चालीत आहे. आणि त्याचा हिशेब करताना अडचण होते तीही त्या वाकड्या चालीचीच.

घाटातला उजेड

ही अडचण अभियंत्यांनी कशी सोडवली ते पाहा. दौलताबाद सोडून खुलताबादकडे निघाले की घाट लागतो. रस्ता वळणावळणाचा. पण रात्री स्कूटरवरून जाताना दिव्याच्या उजेडात वीस-पंचवीस हात रस्ता दिसतो, तेवढा तुकडा सरळच वाटतो, आणि आपण हँडलही तसेच धरतो. घाट वाकडा आहे हे आपण विसरत नाही. या क्षणापुरता समोरचा तुकडा सरळ मानतो इतकेच.

डायोडचे गणित असेच दोन पायऱ्यांनी करतात. आधी ठरवायचे की आपण रेषेवर नेमके कुठे उभे आहोत, म्हणजे नेहमीचा दाब किती आणि नेहमीचा प्रवाह किती. मग त्या ठिकाणाहून दाब जरासा हलला तर प्रवाह किती हलेल ते काढायचे. या थोड्याशा हालचालीपुरती वाकडी रेष सरळ धरता येते, आणि सरळ रेष म्हटली की डायोडच्या जागी एक साधा रोध कल्पून ओहमचा नियम लावता येतो. या रीतीला 'लघुसंकेत' पद्धत म्हणतात. लघु म्हणजे लहान, आणि संकेत म्हणजे ती लहानशी हालचाल.

त्या कल्पित रोधाचे माप काढणे फार सोपे आहे. सिलिकॉनच्या डायोडसाठी २५ मिलिव्होल्टांना चालू प्रवाहाने भागावे. एक मिलिअँपिअर प्रवाह असेल तर २५ ओहम. पाच असेल तर ५ ओहम. प्रवाह जितका जास्त, तितकी रेष उभी आणि तितका हा रोध कमी. पांढऱ्या एल.ई.डी.ची घडण निराळी आहे. ज्या निळ्या एल.ई.डी.वरून तो बनला, त्याच्या शोधाला २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याला तीन व्होल्टांच्या आसपास दाब लागतो. त्याचा हा लहान हालचालीचा रोध दिव्याबरोबर मिळणाऱ्या आलेखावरून काढावा. आमच्या दिव्यांचा तो २० मिलिअँपिअरच्या आसपास सुमारे १० ओहम भरला.

वहीतले बारा आणि बॅटरीतले बारा

आता भाचीची वही उघडू. बारा दिव्यांच्या तिने चार माळा केल्या होत्या, एका माळेत तीन दिवे. एका दिव्याला तीन, म्हणजे माळेला नऊ व्होल्ट. बॅटरी बारा व्होल्टांची. उरले तीन. हे तीन व्होल्ट पचवायला माळेत एक रोधक घालायचा, ज्याला दुकानदार 'रेझिस्टन्स' म्हणतो. दिव्यांना २० मिलिअँपिअर प्रवाह हवा. तीन व्होल्टांना तेवढ्याने भागले की १५० ओहम. परीक्षक याहून काय मागणार!

"बॅटरी बारा व्होल्टांची कशावरून?" मी विचारले.

"तिच्यावर लिहिलंय की, मामा."

आम्ही मीटर काढला. वीज होती, इन्व्हर्टर बॅटरी भरत होता. मीटरने दाखवले १४.४. भाची आकड्याकडे बघतच राहिली. मग मेन स्विच बंद करून पाहिले, तेव्हा आकडा बाराच्या जवळ आला. वीज बराच वेळ गेली आणि पंखे-दिवे चालू राहिले तर तो अकराकडेही उतरतो. म्हणजे पेटीवरचे 'बारा' हे घराण्याचे नाव झाले. बॅटरीचा खरा दाब दिवसभरात अकरापासून साडेचौदाच्या जवळपास फिरत असतो.

आता दुसरी पायरी. बारावर उभे राहून दाब २.४ व्होल्टांनी वाढला, तर ही वाढ कुणाच्या अंगावर पडेल? दिवे आपापले तीन व्होल्ट आधीच घेऊन बसले आहेत. वाढीपुरता प्रत्येक दिवा म्हणजे १० ओहमचा रोध. तीन दिव्यांचे ३०, रोधकाचे १५०, मिळून १८०. वाढलेल्या २.४ व्होल्टांना १८० ने भागले की सुमारे १३ मिलिअँपिअर. मूळचे २० मिळवले की झाले ३३. वीस मिलिअँपिअरवर चालवायचे दिवे दिवसचे दिवस तेहतिसावर जळत होते, तेही कागदाच्या बंद पोटात, जिथे वारा नाही! त्यांतला एक जळाला, आणि एकाच माळेत ओवलेले असल्याने उरलेल्या दोघांची वाट बंद झाली. तीन दिवे एकदम का गेले त्याचा उलगडा इथे झाला.

उलट, दाब अकरावर आला की एक व्होल्टाला १८० ने भागून साडेपाच मिलिअँपिअर कमी होतात, आणि प्रवाह चौदावर येतो. चौदा ते तेहतीस! मुलांना दिसलेला कंदिलाचा श्वास तो हाच.

मोठा रोधक की कमी दिवे?

"मग रोधकच मोठा घालू," भाची म्हणाली. आम्ही १५० च्या जागी २२० ओहम धरून पाहिले. वीज असताना २४ मिलिअँपिअर. हे ठीक, दिवे जळणार नाहीत. पण वीज गेली की प्रवाह चौदावर आणि रात्र सरता सरता दहावर. म्हणजे ऐन अंधारात कंदील निम्म्याहून मंद. ज्या प्रतिज्ञेसाठी बॅटरी जोडली, तीच मोडली.

मग दुसरा मार्ग पाहिला. माळेत तीनऐवजी दोनच दिवे घ्यायचे. दिव्यांचे सहा व्होल्ट गेले की रोधकासाठी सहा उरतात. तीनशे ओहमला नेमके वीस मिलिअँपिअर येतात. जरा हात राखून ३३० चा घेतला. आता १४.४ व्होल्टांना २५ मिलिअँपिअर, बाराला १८ आणि अकराला १५. कंदिलाचा श्वास निम्म्याने शांत झाला.

इथे एक मजेची गोष्ट ध्यानात येते. रोधकाच्या ओहमांवर प्रवाह किती ते ठरते. पण तो प्रवाह किती डळमळेल, ते मुख्यतः रोधकाच्या वाट्याला किती व्होल्ट उरले यावर ठरते. तीन व्होल्ट उरले असताना २.४ ची वाढ म्हणजे प्रलय. सहा उरले असताना तीच वाढ सोसते. आणि मुळीच उरले नाहीत तर? चार दिवे एका माळेत घालून, चार त्रिक बारा म्हणून रोधक गाळला असता, तर २.४ व्होल्टांची सारी वाढ दिव्यांच्या ४० ओहमांवर पडली असती आणि प्रवाह ८० मिलिअँपिअरच्या घरात गेला असता. कंदील वसुबारसेलाच आटोपला असता.

या स्थैर्याची किंमत मोजावी लागते. दोन-दोन दिव्यांच्या सहा माळा होतात, आणि बाराच व्होल्टांवर त्या मिळून ११० मिलिअँपिअर घेतात. २२० ओहमच्या चार माळा ५८ च घेत होत्या. शिवाय निम्मी वीज रोधकांत ऊब होऊन जाते. पण सहा तास कंदील लावला तरी बॅटरीतले पाऊण अँपिअर-तासही जात नाहीत, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत दीडशे असतात. आमच्या घरी हा सौदा परवडला. हेच दिवे टॉर्चच्या छोट्या सेलांवर लावायचे असते, तर वेगळा विचार करावा लागता.

भिंतीवरचे घड्याळ

भाचीला आता चेव आला. हॉलमधले घड्याळ दीड व्होल्टाच्या सेलवर चालते. तेही बॅटरीवर का चालवू नये? दोन सिलिकॉन डायोड ओळीने जोडले की त्यांच्यावर मिळून १.४ व्होल्ट राहतात, घड्याळाला तेवढे पुरतात. उरलेले १०.६ व्होल्ट रोधकाने घ्यावे. प्रश्न तोच: रोधक किती ओहमचा?

एक हजार ओहम घेतला, तर डायोडांतून साडेदहा मिलिअँपिअर वाहतात. दोघांचा लहान हालचालीचा रोध मिळून पाचाच्या आत. बॅटरी एक व्होल्ट वाढली तर घड्याळाकडे जाणारा दाब पाच मिलिव्होल्टही वाढत नाही. दहा हजार ओहम घेतला, तर प्रवाह दहावा हिस्सा, डायोडांचा रोध दहापट, आणि बॅटरीच्या एका व्होल्टामागे वाढ पुन्हा तेवढीच, पाच मिलिव्होल्टांच्या आत! भाचीने दोनदा गणित करून पाहिले. रोधक वाढला की डायोडही त्याच प्रमाणात आडमुठे होतात, म्हणून वाटणी बदलत नाही. इथेही स्थैर्य आले ते रोधकाच्या वाट्याच्या १०.६ व्होल्टांमुळे.

"मग कोणताही घातला तरी चालेल?" तिने विचारले. नाही. घड्याळ दर सेकंदाला काटा ढकलताना क्षणभर काही मिलिअँपिअर ओढते, समजा चार. दहा हजारांच्या रोधकातून मुळात एकच मिलिअँपिअर येतो, तिथे चार आणणार कुठून? दाब कोसळेल आणि काटा जागच्या जागी थरथरत राहील. एक हजाराच्या रोधकात साडेदहा वाहत असतात. त्यांतले चार गेले तरी दाब वीस-पंचवीस मिलिव्होल्टांनीच उतरतो. रोधकाचे ओहम ठरतात ते घेणाऱ्याच्या भुकेवरून.

उजेड संपतो तिथे

घाटात उजेडाच्या पलीकडेही रस्ता सरळच असेल असे मानून जो जोरात गाडी हाकील, तो दरीत जाईल. या पद्धतीचेही तसेच आहे. एकट्या सिलिकॉन डायोडवर दाबाची हालचाल पाच-दहा मिलिव्होल्टांच्या आत असेल तर हिशेब चोख. त्यापुढे रेषेचा वाक जाणवू लागतो. कंदिलाच्या हिशेबात आम्ही तुकडा चांगलाच ताणला होता. खरा प्रवाह दोन्ही टोकांना आमच्या आकड्यांपेक्षा किंचित जास्तच असणार. पण माळेत मोठा वाटा सरळमार्गी रोधकाचा असल्याने चूक पोटात राहिली. रोधक नसलेल्या चार दिव्यांच्या माळेत ती राहिली नसती; तिथले ८० मिलिअँपिअर नुसती धोक्याची घंटा समजावे.

दुसरी गोष्ट हवेची. एका अंशाने तापमान वाढले की सिलिकॉन डायोडवरचा दाब सुमारे दोन मिलिव्होल्टांनी उतरतो. मराठवाड्यात जानेवारीच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत तीस अंशांचा फरक सहज पडतो. दोन डायोडांचा मिळून तो झाला १२० मिलिव्होल्ट! बॅटरीच्या चढउताराचे आम्ही जे पाच-दहा मिलिव्होल्ट मोजत बसलो होतो, ते या उन्हापुढे काहीच नाहीत. घड्याळाला ते चालते. जिथे चालत नाही, तिथे उन्हाचाही हिशेब मांडावा लागतो.

ज्यांना घरी असा कंदील करावासा वाटेल, त्यांना दोन सूचना. बॅटरी दिसायला शांत असली तरी तारा एकमेकींना चिकटल्या तर ती तार लाल करते. म्हणून तिच्या टोकाशीच एक अँपिअरचा फ्यूज घालावा. आणि गुलमंडीच्या बाजारात दिवाळीला ज्या झगमगत्या माळा टांगलेल्या असतात, त्या थेट घरच्या २३० व्होल्टांवर चालतात. त्या कापून-जोडून हे प्रयोग मुळीच करू नयेत.

आमच्या शहरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली निघाले. विद्यापीठ त्याच्या दोन वर्षे आधीचे, आणि त्याच्या आवारात आज इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी केंद्र सरकारची संस्थाही आहे. हे गणित दरवर्षी किती मुले सोडवत असतील! गणितात पहिलीच ओळ छापलेली येते: 'बॅटरी १२ व्होल्ट'. परीक्षेत ती ओळ खरी मानायची असते. घरी ती मीटर लावून आपणच लिहावी लागते, आणि आमच्या भाचीचे तीन दिवे गेले ते त्या एका ओळीपायी.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आमचा नवा कंदील गच्चीवर चढलेला असेल. या खेपेला सहा माळा आहेत, माळेत दोन दिवे, आणि रोधक ३३० ओहमचा. कागदाला वर दोन भोकेही ठेवली आहेत, ऊब बाहेर जायला. वही मी परवा सहज चाळली. 'बॅटरी' या शब्दापुढे भाचीने आधी सवयीने १२ लिहिले होते. ते खोडून तिने शेजारी लिहिले आहे: ११ ते १४.४.